त्रिशरणावर मोजलेलं पाणी

आमच्या ग्रामपंचायतीच्या चौऱ्याहत्तर सालच्या अहवालात एक ओळ आहे: 'सरपंच नागनाथराव यांच्या अथक प्रयत्नाने हरिजन वस्तीतील नळास भरपूर पाणी सुरू झाले.' चावडीत उभं राहून मी ती ओळ तीनदा वाचली. एका ओळीत दोन खोट्या गोष्टी बसवायला अक्कल लागते. आम्ही हरिजन नाही. छप्पन साली आमच्या बापांनी धम्म घेतला, तेव्हापासून आम्ही बौद्ध आहोत, आणि मतं मागायला येताना नागनाथरावांना हे बरोबर आठवतं. दुसरी गोष्ट प्रयत्नाची. प्रयत्न त्यांनी केला, तो पाणी अडवायचा. पाणी आणलं पंचफुलाबाईनं. तिचं नाव त्या कागदावर कुठंच नाही, म्हणून मी लिहायला बसलोय.

आमचं गाव परभणीजवळच्या झरीच्या पल्याड, कच्च्या रस्त्याला. पंचफुलाबाई तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. नवरा लवकर गेला, मुलगा मनमाडला हमालीत, घरात ती आणि सून सत्यशीला. रोजानं निंदायला, कापसाला जायची. अंगानं बुटकी, काटक. बोलणं मोजकं. बौद्धवाड्यातले आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो.

विहार म्हणजे आमच्याकडं एक पत्र्याची खोली. तिथं रविवारी वंदना मावशीच सांगते. बुद्धं सरणं गच्छामि, मग दुतियम्पि, मग ततियम्पि, तीन त्रिक नऊ ओळींचं त्रिशरण, आणि एकही ओळ दुसरीपेक्षा कमी-जास्त नाही. आम्हा पोरांना कधी घाई झाली की ती थांबायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. "घाईत शरन जाता येत न्हाई," म्हणायची. आम्ही मनात चिडायचो. पण तो ठेका सगळ्या बायकांच्या जिभेवर असा बसला, की वाड्यात कुणाच्या घरात घड्याळ नाही आणि अडत कुणाचंच नाही. भात किती त्रिशरणात उतरवायचा हे सुनांना ठाऊक.

त्र्याहत्तरच्या दुष्काळी कामात गावाला नळ आला. शाळेच्या टेकाडावर टाकी. तिथून पाइप चौकात, चौकातून नागनाथरावांच्या दोन मजली घराच्या भिंतीला लागून, वळणावरच्या ढोरांच्या हौदापाशी, आणि तिथून खाली आमच्या वाड्यात. तो सगळा चर मजुरांनी खांदला आणि नागनाथरावांच्या घरापासून वाड्यापर्यंतचा तुकडा मावशीच्या टोळीनं. कुठं मुरूम लागला, कुठं काळी लागली, कुठं पहार वाकली, हे ती आजही बोट ठेवून सांगते.

वाड्यात नळ बसणार म्हटल्यावर ओटा कसा करायचा यावर बैठक झाली. आमच्या आया पाटलाच्या विहिरीखाली तासन् तास बसायच्या. वर कुणाला दया आली तर ओतणार, आणि ह्यांनी खाली वाकून, हात लांब करून, अंगावर शिंतोडा न उडवता घ्यायचं. मावशीनं ते केलंय. दहा वर्षांची असताना एकदा उन्हात बसून बसून चक्कर येऊन पडली, तरी वरची बाई आधी आपली धुणी आटपून मग आली. म्हणून मी बैठकीत उठून सांगितलं: आपल्या नळाला कुणी वाकणार नाही. ओटा कमरेइतका, नळ छातीला लागेल असा. घागर ओट्यावर भरायची आणि सरळ डोक्यावर घ्यायची. सगळ्यांनी माना हलवल्या. दगड रचून, चुना लावून, वर निळा रंग देऊन ओटा केला. गावात तसा ओटा दुसरा नव्हता. बाकीच्या गल्ल्यांत नळ गुडघ्याला होते, आणि आम्ही त्यांच्याकडं बघून हसायचो.

ही चूक माझी. आधीच सांगून टाकतो.

पहिले काही महिने पाणी जोरात आलं. मग जानेवारीत नागनाथरावांनी माडीवर नळ घेतला. गावात पहिलाच. सासरवाडीचे पाहुणे आले की त्यांना जिन्यानं वर नेऊन तोटी फिरवून दाखवायचे. आणि आमची धार आधी करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी. पाणी सकाळी सहा ते आठ. अकरा घरं. दोन तासांत घराला दोन घागरी मिळाल्या तरी नशीब. बायका रांगेत उभ्या राहायच्या, तोवर मुकादमाची टोळी रानात निघून जायची. उशिरा गेलेल्या बाईला मुकादम बांधावरूनच परत पाठवायचा.

आम्ही पंचायतीच्या नळवाल्याकडं गेलो. बन्सीधर त्याचं नाव. टाकीचा पंप त्याच्या ताब्यात, त्यामुळं चाल मामलेदाराची.

"तुमचा वाडा शेवटाला हाय ना," बन्सीधर म्हणाला. "पानी चालून चालून दमतंय."

"पान्याला पाय हायत व्हय रे?" मी म्हणालो. "टाकी टेकाडावर, आमी सगळ्यात खाली. पानी आमच्याकडं पळत यायला पायजे."

"मग पळत का येईना झालंय? तुमचं तोंड बघून भेत असंल."

मी त्याची कॉलर धरली. मावशीनं माझा हात सोडवला आणि बन्सीधरला एवढंच विचारलं, "दादा, चौकातल्या नळाला किती येळात घागर भरती?"

"मी काय घड्याळ घिऊन बसतो?"

"बरं," म्हणाली आणि वळली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चावडीवर नोटीस लागली. हरिजन वस्तीतील नळास पाणी पोहोचत नसल्याने सदर पाइप काढून नवीन आबादीकडे वळवण्याचा विचार आहे; गुरुवारी परभणीहून ओव्हरसियर पाहणी करतील; पाच मिनिटांत एक घागर न भरल्यास नळ बंद समजला जाईल. नवीन आबादी म्हणजे नागनाथरावांच्या मळ्याशेजारचे प्लॉट. तिथं त्यांच्या भावकीची घरं उठत होती. आधी आमचं पाणी पळवायचं, मग पाणी नाही म्हणून पाइप पळवायचा. चोरी करायची तर तीही रीतसर नोटीस लावून.

मी नोटीस वाचून दाखवली तेव्हा मावशी दारात ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं.

"नळ गेला तर पानी कुटनं?" तिनं विचारलं.

"पाटलाच्या विहिरीवरून. दुसरं काय."

"त्या इहिरीवर मी परत जानार न्हाई. सत्यशीलाला बी धाडनार न्हाई." आवाज चढला नाही. मी मात्र पेटलो. म्हणालो, मोर्चा काढू, चावडीला कुलूप ठोकू, ओव्हरसियरला फाट्यावरच अडवू.

"अडवलास तर तेच पायजे त्येन्ला," मावशी म्हणाली. "पानी बघायला आल्याला मानूस पोलीस घिऊन माघारी येतो. मग पाइप बी जातो अन् तू बी जातूस. तुझा राग आमाला लय म्हागात पडायलाय, भुजंगा."

दुसऱ्या दिवशी सहाला ती रिकामी घागर घेऊन चौकात गेली. तिथल्या नळाखाली घागर लावली आणि हात जोडून त्रिशरण म्हणू लागली. चौकातल्या बायका बघत राहिल्या. घागर भरली तेव्हा ती शेवटच्या ओळीवर होती. एक त्रिशरण. तीच घागर रिकामी करून आमच्या ओट्यावर लावली. आठ त्रिशरणं. शेजारच्या सरजाबाई रांगेत होत्या, त्या म्हणाल्या, "पंचफुले, ह्या नळापाशी हुभं ऱ्हाऊन आपुन सगळ्या भिक्षुनी व्हायच्या आता." रांगेतल्या बायका हसल्या. मावशी हसली नाही. ती आकडा बोटांवर धरून उभी होती.

तिसऱ्या दिवशी नागनाथरावांच्या घराच्या अलीकडच्या नळाला मोजलं: एक. घराच्या पल्याड, वळणावर ढोरांच्या हौदाला जो जमिनीलगत नळ आहे, तिथं मोजलं: तीन. मग तिनं मला हाक मारली.

"भुजंगा, हौदाला तीन. मग आपल्याला आठ का? हौदापासनं हितवर मधी कुनाचाच नळ न्हाई. पाइप मी सोता पुरलाय."

ती ओट्याभोवती फिरली. ओट्याच्या बुडाला जिथं पाइप जमिनीतून वर येतो तिथं एक बूच होतं. मी झरीच्या सायकल दुकानातून मोठा पाना आणला. बुचाखाली घागर बसेल एवढा खड्डा उकरला आणि बूच काढलं. पाणी बदाबदा नाही, पण चांगल्या धारेनं आलं. मावशीनं मोजलं. तीन.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि नसता पडला तर बरं झालं असतं असं वाटलं. आमच्यापर्यंत येईस्तोवर पाण्यात जो थोडा जोर उरत होता, तो ओट्यावर चढण्यातच संपत होता. छातीच्या उंचीला आम्ही हौसेनं नळ लावला, आणि तेवढी छाती पाण्यात उरलेलीच नव्हती.

"ओटा फोडायचा," मावशी म्हणाली. "नळ खड्ड्यात घ्यायचा. गुरुवारपर्यंत."

बुधवारी सकाळी विहारात भांडण झालं. अर्धा वाडा माझ्या बाजूनं. तिथून उठून मी थेट ओट्यावर चढून बसलो. म्हणालो, आम्ही खड्ड्यात उतरून, वाकून पाणी घ्यायचं? मग त्या विहिरीत आणि ह्या नळात फरक काय? सगळं गाव हसंल. नागनाथरावला हेच पाहिजे. फोडायचा तर माझ्यासकट फोडा.

मावशी पहार घेऊन समोर उभी राहिली.

"उतर."

"न्हाई."

"भुजंगा, माजी माय वाकली ती वरच्याच्या हातातलं पानी घ्यायला. हितं वर कुनाचा हात हाय? दाखव मला." तिनं सगळ्यांकडं बघितलं. "माज्या नळाला मी वाकते. मी चर खांदलाय, वाकूनच खांदलाय. तुला वाकाया लाज वाटत असंल तर तुजी बायकू भरंल, तू सावलीला बस. रोज तेच करतूस."

बायका हसल्या, आणि ते हसू मला पहारेपेक्षा जास्त लागलं. मी उतरलो. पहार काही मी हातात घेतली नाही, एवढा मी मोठा माणूस. ती आणि सत्यशीला दोघींनी ओटा फोडला. निळ्या रंगाचे दगड उचलून खड्ड्याला पायरी केली. दुपारी मी जाऊन पाइप कापून नळ खाली बसवून दिला.

मग मी मावशीला म्हणालो, "अलीकडं एक अन् पलीकडं तीन. म्हणजे सरपंचाच्या भिंतीपाशी काहीतरी हाय. आत्ताच जाऊन उकरू."

"काय हाय ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "चर खांदताना तितं एक लोखंडाचं डोकं बसवलं व्हतं, वरून फरशी टाकली. मला वाटलं जोड असंल. आता त्येच्यावर कडब्याची गंजी रचलीया." मग म्हणाली, "आपुन हात लावला तर चोरी. सायबानं लावला तर पहानी. उद्यापतुर दम धर."

असं डोकं वापरायला मी कुठल्या शाळेत गेलो असतो तर शिकलो असतो, ते मला माहीत नाही. ती कुठल्याच शाळेत गेली नव्हती.

गुरुवारी ओव्हरसियर आला. फाट्यावरून पायी आल्यामुळं धुळीनं माखलेला, नवीन नोकरीचा पोरगेला माणूस. त्याच्याबरोबर नागनाथराव, ग्रामसेवक, बन्सीधर आणि फुकट तमाशा बघायला आलेलं गाव. ओटा जागेवर नाही हे बघून नागनाथरावांचा चेहरा उतरला.

"हे काय? खड्ड्यातला नळ हा काय नळ झाला?" ते म्हणाले. "साहेब, ही फसवणूक आहे."

"उंची किती पाहिजे ते नोटिशीत लिहिलेलं नाही," ओव्हरसियर म्हणाला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघून सांगितलं, "लावा घागर."

मावशी खड्ड्यात उतरली. घागर भरली.

"सव्वादोन मिनिटं," ओव्हरसियर म्हणाला. "नळ चालू आहे."

"तीन त्रिशरनं," खड्ड्यातूनच मावशी म्हणाली.

"काय?"

मी सांगू लागलो, तिनं मला हातानं थांबवलं. हात जोडले आणि एक त्रिशरण म्हटलं. ओव्हरसियरनं गंमत म्हणून घड्याळ लावलं. पंचेचाळीस सेकंद. "परत म्हणा, बाई." पंचेचाळीस. तिसऱ्यांदा त्यानं मुद्दाम मधे खोकला काढला, प्रश्न विचारला, तरी पंचेचाळीस. मग त्याची गंमत गेली. वही काढली.

"चौकात किती येतं?"

"एक."

"सरपंचांच्या घराअलीकडं?"

"एक."

"पलीकडं?"

"हौदाला तीन. अन् मधी एक लोखंडाचं डोकं हाय, सायेब. मी पुरलंय ते. कडब्याखाली."

सगळे नागनाथरावांकडं बघू लागले. ते म्हणाले, "कडबा कालच रचलाय. आता उपसायचा म्हणजे गड्याचा दिवस मोडतो."

"आमचे दोन म्हैने मोडले," सरजाबाई मागून म्हणाल्या.

ओव्हरसियरला परतीची बस होती आणि पोटात भूक होती. तो सही करून निघून गेला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण एका मजूर बाईनं घड्याळाशिवाय त्याच्या घड्याळाची बरोबरी केली होती, ते त्याच्या डोक्यात बसलं. गंजी उपसली. फरशी निघाली. खाली चावी, म्हणजे पाणी सोडायचा-अडवायचा व्हॉल्व्ह. ओव्हरसियर बन्सीधरला म्हणाला, "फिरव." बन्सीधर आधी नागनाथरावांकडं बघत राहिला, मग वाकला. चावी किती फेरे उघडते ते ओव्हरसियरनं मोठ्यानं मोजलं. जेमतेम एक फेरा उघडी होती, आठ फेरे पिळलेली. खाली आमच्याकडं पाणी जाऊ नये, म्हणजे ते माडीवर चढावं. एवढा साधा हिशोब.

"कुणी बंद केली?"

"मला काय म्हाईत," नागनाथराव म्हणाले. बन्सीधर मातीकडं बघत होता.

तेवढ्यात माडीच्या खिडकीतून नागनाथरावांच्या मंडळी, लक्ष्मीबाई, ओरडल्या, "अहो, वरचा नळ गेला की." गावानं तोंडावर उपरणी धरली. आणि खाली वाड्यातून बायकांचा कालवा ऐकू आला. आम्ही धावत गेलो. घागर धारेखाली उभी राहीना. मावशी म्हणायला लागली, आणि ततियम्पिला पोचायच्या आत पाणी घागरीवरून खड्ड्यात, खड्ड्यातून पायरीवर.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती. वर कोण बसलाय ते आम्हाला ठाऊक आहे. आठव्या दिवशी धार परत सुतळी झाली. चावी पिळली होती. ओव्हरसियर काही रोज येणार नव्हता. मी पाना घेऊन निघालो, बन्सीधरचं डोकंच उघडतो म्हणालो. मावशीनं पाना काढून घेतला. स्वतः जाऊन, दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत चावी उघडली आणि फरशी टाकून तिच्यावर बसली. सहा ते आठ. रोज, भाकरी पदरात बांधून.

लक्ष्मीबाई दारात आल्या. "का गं पंचफुले, माझ्या भिंतीला ठाण मांडलंस? वर पाणी येईना. खालून घागरी नेताना माझे गुडघे गेले."

"न्या की बाई," मावशी म्हणाली. "जिना तरी तुमचाच हाय."

नागनाथरावांनी तिला आपल्या रानात काम बंद केलं. भावकीलाही बंद करायला लावलं. निंदणीच्या दिवसांत ती पेडगावच्या बाजूला, दीड कोस पायी, कामाला जायला लागली, आणि आठनंतर निघायचं म्हणजे तिथंही अर्धीच हजेरी लागायची. तेव्हा वाड्यातल्या बायकांनी वार वाटून घेतले. सोमवारी सरजाबाई, मंगळवारी सत्यशीला, असं. रोज सकाळी एक बाई फरशीवर. शेवटी नागनाथरावांनी माडीचा नळ काढून अंगणात घेतला, आणि चावी पिळायचं कारणच उरलं नाही. तरी मावशी म्हणाली, पाळी मोडायची नाही.

एका शनिवारी तिनं मला सांगितलं, "उद्या तू बस."

"मी? ते बायकांचं..."

"बायकांचं काय? पानी तू पीत न्हाईस?" मग म्हणाली, "हात उचलायचा न्हाई. भांडायचं न्हाई. फकस्त बसायचं. जमंल का?"

रविवारी सहाला मी फरशीवर बसलो. थोड्या वेळानं बन्सीधर हातात पाना घेऊन गल्लीच्या तोंडाला आला. मला बघून थांबला.

"आज तू व्हय?"

"मी."

"कुनी धाडलं?"

माझ्या जिभेवर चार शिव्या येऊन बसल्या होत्या, एकापेक्षा एक सरस. त्या मी गिळल्या. तो थोडा वेळ पाना ह्या हातातून त्या हातात करत उभा राहिला आणि टाकीच्या वाटेला लागला. मी आठपर्यंत बसलो. जन्मात इतका वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो. फरशीखालून पाणी आमच्या वाड्याकडं चाललेलं बुडाला जाणवत होतं.